दक्षिण वर, उत्तर खाली!

रेशमावर काढलेला नकाशा कधी पाहिलाय? १९७३ साली चीनमधल्या चांगशाजवळ, मावांगदुइ इथल्या एका थडग्यात असे नकाशे मिळाले. थडगं इ. स. पूर्व १६८ मधलं. घड्यांवर कुजून कापडाचे तुकडे पडले होते. ते जुळवले तेव्हा एका नकाशावर, ९६ सेंटिमीटर बाजूच्या चौरसात, डोंगर, नद्या, वस्त्या दिसू लागल्या. नदीची रेघ उगमापाशी बारीक आणि पुढे जाड होत गेलेली. आणि दक्षिण चक्क वरच्या बाजूला!

तिसऱ्या शतकातला मंत्री पेइ श्यू याला दफ्तरातले जुने नकाशे पसंत पडले नाहीत. प्रमाणाचा पत्ता नाही, दिशांचा भरवसा नाही. त्याने नकाशे काढण्याचे सहा नियम घालून दिले. चढ-उतार आणि वळणं वजा करून सरळ अंतर मांडायचं, हा त्यांतला मुद्दा घाटरस्त्याने गेलेल्या कुणालाही लगेच पटेल. पुढे ११३६ मध्ये ‘यू जी तू’ हा नकाशा दगडावर कोरला गेला. त्यावर चौकोनांचं जाळंच आहे: पाच हजारांवर चौकोन, प्रत्येकाची बाजू १०० ली. ली म्हणजे साधारण अर्धा किलोमीटर. ही शिळा शिआनला आजही पाहायला मिळते.

मला सगळ्यात आवडतो तो अकराव्या शतकातला शेन ख्वो. सरहद्दीच्या पाहणीवर असताना त्याने लाकडी फळीवर कणकेची खळ आणि भुसा यांनी डोंगर-दऱ्या उठवल्या. थंडी कडाक्याची, खळ धरेना. मग मेण वितळवून त्याचे डोंगर केले; हलकं काम, घोड्यावरून न्यायला सोपं. परतल्यावर तेच लाकडात कोरून घेतलं. बादशहा इतका खूश झाला, की सरहद्दीवरच्या सगळ्या प्रांतांना असे नकाशे करण्याचा हुकूम सुटला.

याच शेन ख्वोला ताइहांग डोंगराच्या कड्यात शिंपल्यांचा पट्टा दिसला. समुद्र तिथून शेकडो मैल लांब. त्याने ताडलं, की कधीकाळी इथेच किनारा होता आणि पुढची जमीन नद्यांच्या गाळाने झाली. दुसरीकडे दरड कोसळून जमिनीखालचे दगड झालेले बांबू उघडे पडले. त्या भागात बांबू उगवतच नाही! मग पूर्वी इथली हवा दमट असेल का, असा प्रश्न त्याने लिहून ठेवला. हे सगळं त्याने लिहिलं १०८८ च्या सुमारास.

आपलाही उल्लेख चिनी दफ्तरात आहे बरं का! भारतात हिंडून गेलेला चिनी भिक्खू युआन श्वांग याने बादशहाच्या सांगण्यावरून ६४६ मध्ये आपला प्रवासवृत्तान्त पुरा केला. त्यात महाराष्ट्र आहे, राजा पुलकेशी आहे आणि इथली माणसं उपकार विसरत नाहीत नि अपमानही विसरत नाहीत, अशी नोंदही आहे.

मग श्यू श्याखं. जन्म १५८७ चा, यांगत्सेच्या मुखाजवळचा. नोकरी नको, दरबार नको, फक्त पायपीट! तीसेक वर्षं तो हिंडला, चुनखडीच्या गुहांत मशाल घेऊन शिरला, रोज रात्री लिहीत बसला. यांगत्सेचा उगम मिन नदी, असं प्राचीन ग्रंथ सांगत होता आणि तो ग्रंथ पूज्य होता. श्यूने ठामपणे मांडलं, की खरा मूळ प्रवाह जिन्शा नदीचा, कारण ती कितीतरी लांबून येते. एवढ्या जुन्या ग्रंथाची चूक दाखवायची म्हणजे छाती लागते. शेवटी पाय निकामी झाले, पालखीतून घरी आणावं लागलं. त्याच्या रोजनिशीचा पहिला दिवस १९ मे १६१३. चीनचा पर्यटन दिन म्हणूनच १९ मेला असतो.

१९३५ मध्ये भूगोलतज्ज्ञ हू ह्वान्योंग यांनी चीनच्या लोकसंख्येच्या ठिपक्यांचा नकाशा करून त्यावर एक तिरपी रेघ ओढली. रेघेच्या आग्नेयेला ३६ टक्के जमीन आणि ९६ टक्के माणसं! आजही तिकडे सुमारे ९४ टक्के लोक राहतात.

आणि हवामानशास्त्रज्ञ चू खचन. त्यांनी १९२१ मध्ये नानजिंगच्या विद्यापीठात भूविज्ञानाचा विभाग उभा केला. बर्फ कधी वितळलं, फुलं कधी आली, हे ते वर्षानुवर्षं टिपत राहिले. शेवटची नोंद ६ फेब्रुवारी १९७४ ची: तापमान, वारा, आकाश. दुसऱ्या दिवशी ते गेले. आजारपणामुळे त्या दिवशी स्वतः मोजता आलं नव्हतं, म्हणून कापऱ्या अक्षरात त्यांनी पुढे लिहिलं, की हे आकडे हवामान खात्याचे आहेत.