विश्लेषण : लोणावळ्यातल्या घरासाठी लेदर सोफा घेताय? रंगाआधी नमुन्याची मागची बाजू पाहा!

गणपती उरकले, पाऊस ओसरू लागला की लोणावळा-खंडाळ्यातले बंद बंगले एकेक करून उघडले जातात. दार उघडताच कुबट वास येतो आणि मग लक्ष जाते हॉलमधल्या सोफ्याकडे. कुठे सोफ्याच्या हातांवर पांढरट-हिरवी बुरशी धरलेली असते, तर कुठे सीटचे पोपडे निघून खालचे कापड दिसू लागलेले असते. हे दोन्ही सोफे घेताना ‘लेदर’ म्हणूनच घेतलेले असू शकतात. पण दोघांचे दुखणे अगदी वेगळे आहे. बुरशी वेळीच पुसली तर जाते, पोपडे मात्र पुन्हा चिकटत नाहीत. दसरा-दिवाळीच्या खरेदीत लाखाच्या घरातला सोफा निवडताना हा फरक ओळखायचा कसा?

मावळातली हवा वेगळी का?

लोणावळा समुद्रसपाटीपासून साधारण सव्वासहाशे मीटर उंचीवर, बोरघाटाच्या माथ्यावर आहे. अरबी समुद्रावरून आलेले बाष्प सह्याद्रीला धडकून वर चढते आणि इथेच रिते होते. त्यामुळे लोणावळ्यात वर्षाकाठी सरासरी चार हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो. पुणे शहरात हाच आकडा सातशे-साडेसातशेच्या आसपास आहे. कामशेत, वडगाव, तळेगाव असे पूर्वेकडे सरकत जावे तसा पाऊस कमी होत जातो. म्हणजे अवघ्या तीसेक किलोमीटरमध्ये हवामान बदलते. तळेगावच्या राहत्या फ्लॅटमध्ये वर्षानुवर्षे टिकलेला सोफा तुंगार्लीच्या बंद बंगल्यात टिकेलच असे नाही.

हवेतली सापेक्ष आर्द्रता ७० ते ७५ टक्क्यांच्या वर सलग राहिली की बुरशी वाढू लागते. जुलै-ऑगस्टमध्ये घाटमाथ्यावर ती कित्येक दिवस नव्वदीच्या खाली येत नाही. त्यात सोमवार ते शुक्रवार खिडक्या बंद, पंखा बंद आणि सोफा भिंतीला चिकटून. बुरशीला आणखी काय हवे?

‘लेदर’ या नावाखाली काय काय विकले जाते?

जनावराचे कातडे कमावल्यावर ते जाड असते. मशीनवर ते आडवे चिरून त्याचे थर वेगळे करतात. केसांकडचा वरचा थर सर्वात घट्ट विणीचा आणि मजबूत. तो न घासता तसाच ठेवला तर ‘फुल ग्रेन’. ओरखडे-डाग घासून, रंगाचा लेप देऊन त्यावर दाणा उमटवला तर ‘करेक्टेड ग्रेन’. ‘टॉप ग्रेन’ हा शब्द बाजारात वरच्या थराच्या चामड्यासाठी सरसकट वापरतात. खालच्या थराला ‘स्प्लिट’ म्हणतात. तो तुलनेने कमकुवत असतो, पण असतो चामडेच. त्यामुळे ‘जेन्युइन लेदर’ एवढ्या शिक्क्यावरून दर्जा कळत नाही.

यानंतर येते ‘बॉन्डेड लेदर’. चामड्याचा चुरा चिकट रसायनात कालवून त्याचा पत्रा करतात, बहुतेकदा मागे कापड लावतात आणि वर प्लॅस्टिकचा थर देतात. लाकडाच्या भाषेत सांगायचे तर फुल ग्रेन म्हणजे सागाची फळी आणि बॉन्डेड म्हणजे पार्टिकल बोर्ड.

‘पीयू लेदर’, ‘लेदरेट’, ‘व्हीगन लेदर’ ही नावे सहसा कापडावर पॉलियुरेथेन किंवा पीव्हीसीचा लेप दिलेल्या मालाची असतात. यातल्या पीव्हीसीच्या मालाला आपण पूर्वापार रेक्झीन म्हणत आलो आहोत. हा माल वाईटच असतो असे नाही. मात्र तो चामड्याच्या भावात घेऊ नये.

पोपडे का निघतात?

राजमाची किंवा लोहगडाच्या ट्रेकला दोन-तीन वर्षे कपाटात ठेवलेले बूट घालून गेलात आणि वाटेतच तळवा सुटून हातात आला, असा अनुभव अनेकांना असेल. बूट फारसे वापरलेले नसतात, तरी तळव्याचा भुगा होतो. यामागचे कारण आहे ‘हायड्रोलिसिस’. स्वस्त पॉलियुरेथेन बहुधा पॉलिएस्टरवर आधारित असते. हवेतल्या पाण्याच्या रेणूंमुळे त्याच्या लांब साखळ्या हळूहळू तुटतात. आधी पृष्ठभाग चिकट होतो, मग तडकतो आणि शेवटी पोपडे निघतात.

सोफ्यावरच्या पीयूचेही असेच होते. पॉलिईथर किंवा पॉलिकार्बोनेटवर आधारित पीयू दमट हवेत बराच अधिक टिकतो. असा माल तपासण्यासाठी प्रयोगशाळेत ७० अंश सेल्सिअस आणि ९५ टक्के आर्द्रतेत नमुना ठेवला जातो. पीयूच घ्यायचे असेल तर दुकानदाराला एकच प्रश्न विचारा, ‘हायड्रोलिसिस टेस्टचा रिपोर्ट आहे का आणि किती आठवड्यांचा?’ पीव्हीसीला हा त्रास नाही. पण ते घाम शोषत नाही आणि जुने झाले की कडक होऊन चिरते.

मग अस्सल चामडे घेतले की प्रश्न मिटला?

नाही. चामडे म्हणजे कोलॅजन या प्रथिनाचे तंतू. ते हवेतला ओलावा शोषतात आणि सोडतात. म्हणूनच त्यावर बसायला आरामदायी वाटते आणि म्हणूनच त्याला बुरशीही धरते. चामडे मऊ राहावे म्हणून कमावताना त्यात तेल मुरवलेले असते. ते बुरशीचे खाद्यच. पावसाळ्यात माळ्यावर राहिलेल्या कोल्हापुरी चपलांना भुरी धरते, त्यातलाच हा प्रकार.

कोल्हापुरीचे चामडे बाभळीची साल, हिरडा अशा वनस्पतींनी कमावतात. सोफ्याचे बहुतेक चामडे क्रोमियमच्या क्षाराने कमावलेले असते. ते मऊ असते आणि पाणी तुलनेने चांगले सोसते. पण लोणावळ्यासाठी त्याहून महत्त्वाचा आहे वरचा लेप, म्हणजे फिनिश. ‘अॅनिलीन’ चामड्यावर जवळपास लेप नसतो. ते दिसायला सर्वात देखणे, भावाला सर्वात चढे आणि ओलावा-डाग सर्वात लवकर धरणारे. ‘पिगमेंटेड’ चामड्यावर रंगाचा संरक्षक थर असतो. ‘सेमी अॅनिलीन’ या दोहोंच्या मधले. म्हणजे शोरूममधला सर्वात महागडा नमुना घाटमाथ्यावर सर्वात नाजूक ठरू शकतो.

नमुना कसा तपासाल?

आधी नमुना उलटा करा. मागे मऊ, अनियमित तंतू दिसले तर चामडे असण्याची शक्यता अधिक. विणलेले कापड दिसले तर पीयू, पीव्हीसी किंवा बॉन्डेड. मग कापलेली कड मोबाइलच्या कॅमेऱ्यात झूम करून पाहा. वर प्लॅस्टिकचा पापुद्रा आणि खाली कापड असे वेगळे थर दिसले तर उत्तर मिळालेच. बॉन्डेडची कड जरा नखाने खरवडली तरी भुसभुशीत होते. पुढच्या बाजूची छिद्रेही पाहा. एकच नक्षी ठरावीक अंतराने पुन्हा पुन्हा आली, तर दाणा साच्याने उमटवलेला आहे. मात्र करेक्टेड ग्रेनवरही साच्याचा दाणा असतो, त्यामुळे केवळ यावरून निकाल लावू नका.

पाण्याचा थेंब टाकून ‘असली-नकली’ ठरवता येते, हा गैरसमज आहे. थेंब मुरला तर ते बहुधा अॅनिलीन आणि थेंब तसाच राहिला तर पिगमेंटेड चामडे किंवा पीयू यांपैकी काहीही. वासावरही विसंबू नका, चामड्याचा वास मालाला मुद्दाम देता येतो. काडी लावून पाहणे तर टाळाच. पीव्हीसीचा धूर घातक असतो.

ओल्या पांढऱ्या रुमालाने नमुना वीस-पंचवीस वेळा घासा. रंग उतरला तर पावसात भिजून आलेल्या पाहुण्यांच्या कपड्यांनाही तो लागेल.

आता खास मावळासाठीची चाचणी. दुकानातून दोन-तीन प्रकारांचे छोटे तुकडे मागून घ्या. प्रत्येकाचे दोन भाग करा. एक भाग कोरड्या खोलीत ठेवा. दुसरा झाकणाच्या डब्यात, ओल्या स्पंजशेजारी पण त्याला न टेकवता, दोन-तीन आठवडे ठेवा. नंतर वास, डाग, चिकटपणा आणि रंग यांची तुलना करा. ही प्रयोगशाळेतली प्रमाणित चाचणी नव्हे, पीयूचे आयुष्यही तीन आठवड्यांत कळणार नाही. पण कोणत्या नमुन्याला बुरशी आधी धरते, हे समोरासमोर दिसते.

पूर्ण सोफा एकाच मालाचा असतो का?

बऱ्याचदा नसतो. मोठे कातडे साधारण पन्नास चौरस फुटांचे असते आणि तीन सीटच्या सोफ्याला सुमारे दोनशे चौरस फूट किंवा अधिक माल लागू शकतो. म्हणजे किमान चार कातडी. खर्च वाचवण्यासाठी बसायची जागा, पाठ आणि हात तेवढे चामड्याचे करून बाजू व मागचा भाग रेक्झीनचा करतात. याला ‘लेदर मॅच’ किंवा ‘हाफ लेदर’ म्हणतात. त्यात गैर काही नाही, पण आधी सांगायला हवे. अन्यथा काही वर्षांनी सीट उत्तम आणि बाजूंचे पोपडे निघालेले, असे चित्र दिसते.

आतली चौकटही विचारा. साधे एमआर प्लायवूड घाटमाथ्यावर फुगू शकते. त्याऐवजी बीडब्ल्यूआर (आयएस ३०३) किंवा मरीन प्लाय (आयएस ७१०) मागा.

मग घ्यायचे काय?

तळेगाव-वडगावात रोज राहते घर असेल तर वरच्या थराचे कोणतेही चांगले चामडे चालेल. लोणावळ्यात बारा महिने राहत असाल तर पिगमेंटेड घ्या. सोफा भिंतीपासून निदान सहा इंच दूर ठेवा आणि आठवड्यातून एकदा कोरड्या कापडाने पुसा. पावसाळ्यात त्यावर प्लॅस्टिक टाकू नका, आतला ओलावा आतच कोंडतो. त्यापेक्षा सुती चादर बरी. बुरशी दिसलीच तर सोफा बाहेर पडवीत नेऊन मऊ ब्रशने झाडा, सौम्य साबणाच्या किंचित ओल्या कापडाने पुसा आणि सावलीत वाळवा. खोबरेल तेल चोळू नका.

आणि घर पावसाळाभर बंद राहणार असेल, मधून येऊन खिडक्या उघडणारे कोणी नसेल, तर चामडे नको आणि स्वस्त पीयूही नको. सागवानी किंवा वेताचा सोफा आणि काढून धुता येणारे अभ्रे, हाच शहाणपणाचा सौदा. मुंबईच्या हॉलमध्ये शोभला म्हणून इथे टिकेल, हा हिशेब चुकतो.

बिलावर काय लिहून घ्याल?

फक्त ‘लेदर सोफा’ एवढे पुरेसे नाही. चामड्याचा प्रकार, फिनिश, कोणत्या भागाला कोणता माल, प्लायचा दर्जा आणि वॉरंटीत पोपडे-तडे येतात का, हे स्पष्ट लिहून घ्या. अनेक घरांत गाय की म्हैस हा प्रश्नही महत्त्वाचा असतो. देशात म्हशीचे चामडे मोठ्या प्रमाणावर तयार होते, तर आयात केलेले सोफ्याचे चामडे बहुधा गाय-बैलाचे असते. त्यामुळे तेही विचारून बिलावर नोंदवा. पसंत केलेल्या नमुन्याच्या मागे दुकानाचा शिक्का, तारीख आणि सही घेऊन तो तुकडा बिलासोबत जपा. वाद झाला तर हाच पुरावा.

मालाचा दर्जा खोटा सांगणे ही ग्राहक संरक्षण कायदा २०१९ नुसार अनुचित व्यापारी प्रथा आहे. आधी १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार करता येते. तोडगा निघाला नाही तर दोन वर्षांच्या आत जिल्हा ग्राहक आयोगात जाता येते. पाच लाखांपर्यंतच्या खरेदीला शुल्क नाही आणि दुकान मुंबईत असले तरी ग्राहकाला स्वतःच्या राहत्या जिल्ह्यात दाद मागता येते.

तेव्हा शोरूममध्ये सेल्समन रंगांचे कॅटलॉग पुढे करेल, त्याआधी नमुना हातात घ्या आणि उलटा करा. रंग काय, नंतरही निवडता येतो.