डीझेल जनित्र संच, आपत्कालीन : परिचालन व भार चाचणी

डीझेल एंजिन व त्याच्या दंडाला जोडलेले प्रत्यावर्ती विद्युत् जनित्र मिळून होणाऱ्या संयंत्रास डीझेल जनित्र संच म्हणतात. नेहमीचा वीजपुरवठा खंडित झाल्यास रुग्णालये, दूरध्वनी केंद्रे, पाणीपुरवठा केंद्रे इ. ठिकाणची अत्यावश्यक उपकरणे चालू ठेवण्यासाठी हा संच वापरतात. असा संच वर्षातील बहुतेक काळ निष्क्रिय असतो. गरज पडताच मात्र काही सेकंदांत त्याला मोठा भार उचलावा लागतो. म्हणून त्याची विश्वसनीयता जितकी रचनेवर, तितकीच ठराविक काळाने प्रत्यक्ष भार देऊन घेतलेल्या चाचणीवर अवलंबून असते. एंजिन सुरू होते, एवढ्यावरून संच भार उचलू शकेल असे सिद्ध होत नाही.

रचना व कार्य : रूडोल्फ डीझेल यांचे पहिले यशस्वी एंजिन १८९७ मध्ये जर्मनीतील आउग्सबुर्क येथे चालविण्यात आले. महाराष्ट्रात किर्लोस्कर ऑइल एंजिन्स (१९४६) व कमिन्स इंडिया (१९६२) या पुण्यातील कंपन्यांमुळे या उद्योगाचा पाया घातला गेला. भारतात विजेची कंप्रता ५० हर्ट्‌झ असल्याने चार ध्रुवांचे जनित्र दर मिनिटास १,५०० फेऱ्यांनी फिरवावे लागते. भार बदलला तरी हा वेग जवळजवळ कायम राखण्याचे काम गतिनियंत्रक करतो व विद्युत् दाब स्थिर राखण्याचे काम दाब नियामक करतो. एंजिन सुरू करण्यासाठी १२ किंवा २४ व्होल्टची संचायक घटमाला असते. ती क्षीण होणे किंवा तिच्या अग्रांवर गंज चढणे हे संच सुरू न होण्याचे नेहमीचे कारण होय. पुरवठा गेल्याचे ओळखून भार संचाकडे वळविणारा बदल-स्विच हाही या व्यवस्थेचा आवश्यक भाग असतो.

वर्धा जिल्ह्यातील उपयोग : या जिल्ह्यात आपत्कालीन वीजपुरवठ्याचे महत्त्व मुख्यतः रुग्णालयांच्या संदर्भात आहे. सेवाग्राम येथे महात्मा गांधी आयुर्विज्ञान संस्था (१९६९) व तिचे कस्तुरबा रुग्णालय, सावंगी (मेघे) येथे जवाहरलाल नेहरू वैद्यकीय महाविद्यालय (१९९०) व आचार्य विनोबा भावे ग्रामीण रुग्णालय, तसेच वर्धा, हिंगणघाट व आर्वी येथील शासकीय रुग्णालये यांमध्ये आजूबाजूच्या खेड्यांतील रुग्ण उपचारासाठी येतात. अशा ठिकाणी शस्त्रक्रियागृह, कृत्रिम श्वसनयंत्रे, नवजात बालकांच्या उबपेट्या व रक्तपेढीतील शीतकपाटे यांचा पुरवठा दीर्घकाळ तुटू देता येत नाही. २००५ नंतरच्या काही वर्षांत ग्रामीण महाराष्ट्रात दीर्घ भारनियमन होते. त्या काळी संच वारंवार भाराखाली चालत व त्यांतील दोष लवकर उघड होत. पुरवठा सुधारला की संचाचे चालणे कमी होते आणि हेतुपुरस्सर चाचणीची गरज उलट वाढते. १२ ऑक्टोबर २०२० रोजी मुंबई व परिसरातील वीज अचानक गेली, तेव्हा कोविड साथीच्या ऐन काळात तेथील रुग्णालयांना जनित्रांचा आधार घ्यावा लागला.

क्षमता व तापमान : संचाची क्षमता किलोव्होल्ट-अँपिअरमध्ये (केव्हीए) देतात. २५० केव्हीएच्या संचापासून ०·८ शक्तिगुणक असता २०० किलोवॉट शक्ती मिळते व ४१५ व्होल्ट दाबाला प्रत्येक कलेतील पूर्ण भाराचा प्रवाह सु. ३४८ अँपिअर असतो. ही क्षमता ठराविक तापमान व हवेचा दाब गृहीत धरून दिलेली असते. हवा तापली की विरळ होते, सिलिंडरात कमी ऑक्सिजन जातो आणि रेडिएटरची उष्णता बाहेर टाकण्याची शक्तीही घटते. वर्धा येथे मे महिन्यात तापमान ४५° से.च्या वर जाते व संचाच्या बंदिस्त आवरणात ते आणखी काही अंशांनी अधिक असते. याच काळात वातानुकूलनाचा भारही सर्वाधिक असतो. त्यामुळे हिवाळ्यात उत्तीर्ण झालेला संच उन्हाळ्यात तेवढाच भार पेलील असे गृहीत धरता येत नाही. वर्षातील एक भार चाचणी कडक उन्हाळ्यात दुपारी घेणे इष्ट ठरते.

बिनभार चालविण्याचे दोष : आठवड्यातून दहा मिनिटे संच बिनभार चालवून चाचणी झाली असे समजण्याची प्रथा अनेक ठिकाणी आढळते. ती अपुरी तर आहेच, पण वारंवार केल्यास अपायकारकही आहे. भार नसता सिलिंडरातील तापमान पुरेसे वाढत नाही व इंधन पूर्ण जळत नाही. न जळलेले इंधन व काजळी अंतःक्षेपकांवर, झडपांवर आणि निष्कास नळात साचतात. सांध्यांतून काळा, चिकट द्रव पाझरू लागतो. दट्ट्यांची कडी सिलिंडराला नीट टेकत नाहीत व इंधन वंगण तेलात मिसळून ते पातळ होते. अशा एंजिनाला एकदम मोठा भार दिल्यास ते धूर सोडते व वेग गमावते. नव्या संचांबाबत हा मुद्दा अधिक महत्त्वाचा आहे. १ जुलै २०२३ पासून ८०० किलोवॉटपर्यंतच्या नव्या संचांना लागू झालेल्या प्रदूषण मर्यादांमुळे अनेक संचांत निष्कास वायू शुद्ध करणारी साधने असतात व त्यांच्या कार्यासाठी हे वायू पुरेसे तप्त असावे लागतात.

मासिक चाचणी : अमेरिकेतील राष्ट्रीय अग्निसंरक्षण संघटनेच्या मानकानुसार संच दरमहा किमान ३० मिनिटे, निर्धारित शक्तीच्या किमान ३०% भाराखाली चालवितात. वरील उदाहरणात हा भार ६० किलोवॉट होतो. आरंभी वंगण तेल, शीतक द्रव, इंधन, पट्टे व घटमाला तपासतात. नंतर मुख्य पुरवठ्याचा स्विच उघडून प्रत्यक्ष खंड निर्माण करतात, म्हणजे बदल-स्विचाचीही परीक्षा होते. अत्यंत आवश्यक भार १० सेकंदांच्या आत संचावर यावा, अशी रुग्णालयांसाठी अपेक्षा असते. ही चाचणी शस्त्रक्रिया चालू नसताना, सर्व विभागांना पूर्वसूचना देऊन व श्वसनयंत्रांच्या घटमाला तपासूनच घेतात. शेवटी भार काढून एंजिन तीन ते पाच मिनिटे बिनभार फिरू देतात, त्यामुळे टर्बोचार्जर सावकाश थंड होतो.

भार चाचणी : इमारतीचा प्रत्यक्ष भार अपुरा असल्यास कृत्रिम भार जोडतात. यासाठी पंख्याने थंड केलेल्या रोधकांची पेटी किंवा मिठाच्या पाण्यात लोखंडी पत्रे बुडवून केलेला जलरोध वापरतात. जलरोधाची टाकी भूसंपर्कित करून तिच्याभोवती कुंपण घालणे आवश्यक असते. वरील मानकानुसार मासिक चाचणीत पुरेसा भार मिळत नसल्यास वर्षातून एकदा ५०% भाराखाली ३० मिनिटे व ७५% भाराखाली एक तास संच चालवितात. संच नव्याने बसविताना पूर्ण भारापर्यंत टप्प्याटप्प्याने चाचणी घेतात. प्रत्येक टप्प्याला दाब, कंप्रता, तिन्ही कलांतील प्रवाह, तेलाचा दाब, शीतकाचे तापमान व धुराचा रंग यांची नोंद करतात. यांत्रिक गतिनियंत्रक असलेल्या संचात बिनभार ५२ हर्ट्‌झ असलेली कंप्रता पूर्ण भाराला ५०पर्यंत उतरणे स्वाभाविक आहे. ती त्याखाली जात राहिल्यास इंधनपुरवठा, हवा गाळणी किंवा गतिनियंत्रक यांत दोष संभवतो.

केवळ रोधकांचा भार दिल्यास शक्तिगुणक १ असतो. तेव्हा २०० किलोवॉटला एंजिन पूर्ण भारित होते, पण प्रवाह सु. २७८ अँपिअरच असल्याने जनित्राच्या गुंडाळ्यांची पूर्ण परीक्षा होत नाही. शिवाय पाण्याचे पंप, उद्वाहक यांच्या चलित्रांना सुरू होताना नेहमीच्या सहापटीपर्यंत प्रवाह लागतो. म्हणून प्रत्यक्ष उपकरणे ठरलेल्या क्रमाने सुरू करून पाहणे हा चाचणीचा वेगळा भाग मानावा लागतो.

इंधन व सुरक्षितता : २५० केव्हीएच्या संचाला ७५% भाराखाली तासाला सु. ४० लिटर डीझेल लागते. टाकीतील साठा किती तास पुरेल, हे या प्रत्यक्ष खपावरून ठरवितात. दीर्घकाळ साठविलेल्या डीझेलमध्ये पाणी साचते, सूक्ष्मजीव वाढतात व गाळण्या तुंबतात. यासाठी टाकीच्या तळचे पाणी वेळोवेळी काढून टाकतात. संचाची जागाही महत्त्वाची असते. मार्च २०११ मध्ये जपानमधील फुकुशिमा अणुवीज केंद्रात भूकंपानंतर सुरू झालेली डीझेल जनित्रे त्सुनामीचे पाणी शिरल्याने बंद पडली. ऑक्टोबर २०१२ मध्ये न्यूयॉर्कमधील एका मोठ्या रुग्णालयात वादळाच्या पुराने आपत्कालीन वीजव्यवस्था कोलमडली व रुग्णांना हलवावे लागले. निष्कास वायूंत विषारी कार्बन मोनॉक्साइड असल्याने ते इमारतीपासून दूर व उंच सोडतात. बदल-स्विच सदोष असल्यास संचाची वीज बाहेरच्या तारांत शिरून दुरुस्ती करणाऱ्या कामगाराचा जीव धोक्यात येतो. प्रत्येक चाचणीतील वाचने एकाच नोंदवहीत लिहून मागील वाचनांशी ताडून पाहिली, तर घटणारा तेलदाब वा वाढणारे तापमान यांवरून बिघाडाची पूर्वसूचना मिळते व दुरुस्ती वेळीच करता येते.