निळीचा हात

निळा रंग कोकणातल्या घराला मानवत नाही, पावसाळ्यात घर गारठल्यासारखं वाटतं, असं गिऱ्हाइकं मला हल्ली सारखं ऐकवतात. खारेपाटणात राहून मी राजापूरपासून कणकवलीपर्यंतच्या घरांची आतली सजावट करते, आणि हे मला मुळीच पटत नाही. आमच्या जुन्या घरांच्या भिंतींत नीळ होतीच. कुठे किती घालायची, ते माणसांना ठाऊक होतं, एवढंच.

गणपतीच्या आधी रंग काढायला घेतला की कळीचा चुना विझवायचा, फडक्यातून गाळायचा आणि निळीची पुरचुंडी त्यात फिरवायची. माझी काकी बजावायची, "चिमटीभरच घाल गो. जास्त झाली तर घर आजारी दिसता." नुसता चुना सुकल्यावर किंचित पिवळट दिसतो, नीळ ती पिवळट झाक मारते आणि भिंत शुभ्र होते. चिमटीच्या दोन चिमटी केल्या की आकाशी. ओटी शुभ्र आणि माजघर आकाशी अशी घरं आमच्याकडे पुष्कळ होती.

ही पुडीतली नीळ म्हणजे कृत्रिम अल्ट्रामरीन. अस्सल अल्ट्रामरीन अफगाणिस्तानातल्या बदख्शानच्या लाजवर्दी खड्यांपासून बनायचं आणि युरोपातल्या चित्रकारांना ते सोन्याच्या भावाने पडायचं. १८२४ मध्ये फ्रान्समध्ये स्वस्त पर्याय शोधणाऱ्याला ६,००० फ्रँकचं बक्षीस जाहीर झालं. चिनी माती, सोडा, गंधक आणि कोळसा भट्टीत भाजून गिमे या फ्रेंच रसायनज्ञाने तो शोधला आणि १८२८ मध्ये ते बक्षीस मिळवलं. चुन्याच्या दाहकतेत ही नीळ टिकते. प्रशियन ब्लू नावाचा गर्द निळा तिथे टिकत नाही, काही दिवसांत तपकिरी पडतो. बाटलीतली पातळ नीळ हा वेगळाच द्रव रंग आहे. कपड्यांना ठीक, चुन्यात घालू नका.

शुक नदीचं पाणी पावसाळ्यात आमच्या बाजारपेठेत शिरतं, हे इथल्या कुणाला सांगायला नको. भिजलेली भिंत चुन्याखाली हळूहळू सुकते, कारण चुना ओल बाहेर जाऊ देतो. त्याच भिंतीवर प्लास्टिक पेंट असेल तर ओल आत कोंडते आणि फुगे धरून पोपडे सुटतात. म्हणून नदीकाठच्या जुन्या चिरेबंदी घराला मी आजही निळीचा चुनाच सुचवते. हात लागला की पांढरं लागतं, वर्षा-दोन वर्षांनी पुन्हा हात द्यावा लागतो, पण भिंत जगते.

आता छटेचं. आमच्याकडे घरात दोन रंग आधीपासून हजर असतात, जांभ्याचा तांबडा आणि फणसाच्या लाकडाचा पिवळसर तपकिरी. रंगचक्रात निळा या दोघांच्या समोरचा, म्हणून त्याच्याशेजारी दोघंही उजळतात. उघड्या चिऱ्याच्या भिंतीला लागून राखी झाक असलेला फिका निळा लावून पाहा, चिरा नुकताच खाणीतून काढल्यासारखा दिसतो. मोरपंखी मात्र मी दारं-खिडक्यांपुरताच ठेवते. उत्तरेच्या खोलीत श्रावणातला उजेड आधीच निळसर असतो. तिथे किंचित जांभळट, गोकर्णीच्या फुलाकडे झुकणारी छटा घ्यावी. पश्चिमेची खोली गर्द निळाही पेलते. आणि अंधाऱ्या माजघराला आकाशी का, तर तिन्हीसांजेला आपल्या डोळ्यांना तांबडा काळवंडलेला दिसतो आणि निळा उजळ वाटतो. झेक शास्त्रज्ञ पुरकिने यांनी हे १८१९ मध्ये नोंदवलं.

निळा खरा खुलतो तो गणपतीच्या भिंतीवर. सिंधुदुर्गात मूर्तीमागच्या भिंतीवर चित्र रंगवायची रीत आहे. त्या चित्राची जमीन आकाशी असली की मूर्तीवर टांगलेल्या माटवीच्या लाकडी चौकटीला बांधलेली हरणाची पिवळीजर्द फुलं, शेरवडाची पांढरी पानं, सुपारीचे घोस एकेक वेगळं दिसतं. हिरव्या किंवा पिवळ्या भिंतीसमोर तीच माटवी गर्दीत हरवते.

बौद्धवाडीतल्या घरात विचार वेगळा सुरू होतो. बुद्ध आणि बाबासाहेबांच्या तसबिरींमागची भिंत घरच्यांना भरगच्च निळी हवी असते. त्या निळ्यात चळवळ आहे. तो फिका करा असं मी कधी सुचवत नाही. उरलेल्या तीन भिंती पांढऱ्या ठेवते आणि छताला गडद काही येऊ देत नाही, म्हणजे तो निळा आपल्या तेजाने उभा राहतो.

मुंबईहून येणारे चाकरमानी मोबाइलवर फोटो दाखवून "हाच निळा" म्हणतात. त्यांना मी आधी दिवा विचारते. पिवळ्या बल्बखाली फिका निळा राखाडी किंवा हिरवट होतो, पांढऱ्या एलईडीखाली तोच बर्फासारखा गार. शेड कार्डावरच्या बोटभर चौकोनात यातलं काहीच कळत नाही. हातभर फळीवर दोन हात रंग द्या, ती त्याच भिंतीला टेकवून सकाळी, भर दुपारी आणि रात्री दिवा लावून बघा, आणि जमलं तर एखादा दिवस मुसळधार पावसाचाही जाऊ द्या. रंगाऱ्याला डबे आणायला त्यानंतर सांगा.