टिटवाळ्याचा भाला

आमचा भाचा टिटवाळ्याला राहतो. रविवारी दुपारी त्याच्या घरी पाच-सहा पोरं जेवणाच्या टेबलाभोवती बसून 'डंजन्स अँड ड्रॅगन्स' खेळतात. चौकटी आखलेला कागद, वीस पैलूंचे फासे आणि बहिणीने केलेल्या पोह्यांच्या रिकाम्या ताटल्या. एक जण डंजन मास्टर होऊन गोष्ट सांगतो, बाकीचे त्या गोष्टीतले वीर. १९७४ साली अमेरिकेत गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नसन यांनी हा खेळ काढला. तेव्हापासून दोन जमाती शेजारीशेजारी वाढल्या: गोष्टीत रमणारे, आणि नियमावर बोट ठेवणारे. भाचा दुसऱ्या जमातीचा.

त्या दिवशी समोर ड्रॅगन होता आणि पोरांच्या हातात एक साधा भाला. भाचा म्हणाला, "गावातली माणसं रांगेत उभी करू. मामा, तू मोबाइलवर हिशेब कर."

खेळातली लढाईची एक फेरी ६ सेकंदांची. नकाशावरचा चौकोन ५ फुटांचा, म्हणजे १.५२४ मीटरचा, आणि एका चौकोनात एक माणूस. शिवाय 'रेडी' नावाचा एक नियम आहे. आपल्या पाळीला काही करायचं नसेल तर 'अमुक झालं की मी तमुक करीन' असं सांगून ठेवायचं. अमुक झालं की त्याच फेरीत तमुक लगेच होतं. नियम लिहिणाऱ्याच्या डोळ्यांपुढे दाराआड धनुष्य ताणून बसलेला वीर असणार. पण समजा, रांगेतल्या प्रत्येकाने सांगून ठेवलं की मागच्याने भाला हातात दिला की मी पुढच्याला देईन. रांग किती लांब असावी याला नियमात मर्यादाच नाही. त्यामुळे ती कितीही लांब असली तरी भाला या टोकाचा त्या टोकाला ६ सेकंदांत पोचलाच पाहिजे. जगभरचे खेळाडू या युक्तीला 'पेझंट रेलगन' म्हणतात. आपण शेतकऱ्यांची तोफ म्हणू.

टिटवाळ्यात बसून हिशेब करायचा तर नकाशाला मध्य रेल्वेच बरी. सीएसएमटीच्या फलाटावर पहिला माणूस उभा करू आणि रुळाच्या कडेने रांग लावत येऊ.

ठाणं ३४ किलोमीटरवर. १६ एप्रिल १८५३ ला पहिली आगगाडी धावली ती एवढंच अंतर. त्याला साधारण २२,३०० माणसं लागतात आणि भाल्याचा वेग पडतो सेकंदाला साडेपाच किलोमीटरहून जास्त. डोंबिवली ४८ किलोमीटर, माणसं ३१,५००, वेग सेकंदाला ८ किलोमीटर. इथे मी मोबाइल खाली ठेवला. पृथ्वीभोवती फिरत राहायला उपग्रहाला सेकंदाला ७.९ किलोमीटर वेग लागतो. म्हणजे हवेचा अडथळा सोडून दिला, तर डोंबिवलीच्या फलाटावरून सुटलेला भाला खाली पडणारच नाही, तो पृथ्वीला घिरट्या घालत बसेल.

टिटवाळा सुमारे ६४ किलोमीटर. माणसं ४२,०००. गर्दीच्या वेळी एका लोकलमध्ये चार-पाच हजार माणसं कोंबलेली असतात, तेव्हा नऊ-दहा लोकल रिकाम्या केल्या की काम झालं. अंगारकीला इथल्या महागणपतीची रांग पाहिलेल्या माणसाला ४२ हजारांचं काही वाटायचं नाही. भाल्याचा वेग सेकंदाला १०.७ किलोमीटर. पृथ्वीची ओढ कायमची तोडायला ११.२ लागतो. जरा कमी पडतो. पण रांग खडवलीच्या दिशेने आणखी तीनेक किलोमीटर वाढवली की भाला सुटला, परत यायचा नाही. प्रत्येक माणसाच्या वाट्याला भाला देण्याघेण्यासाठी येतो सेकंदाचा सात हजारावा भाग. पापणी लवायला सेकंदाचा दहावा भाग धरला, तरी तेवढ्यात सातशे हातांतून भाला निघून जातो.

पोरं आता ड्रॅगनला विसरली होती. एकाने विचारलं, सगळी महापालिकाच उभी केली तर? टिटवाळा कल्याण-डोंबिवली महापालिकेत येतं आणि २०११ च्या जनगणनेत तिची लोकसंख्या साडेबारा लाखांच्या घरात होती. रांग १,९०० किलोमीटर लांब, वेग सेकंदाला ३१७ किलोमीटर. सूर्याजवळून जाताना नासाच्या पार्कर यानाने २०२४ च्या डिसेंबरात गाठलेला वेग होता सेकंदाला १९२ किलोमीटर, आणि माणसाने बनवलेली कुठलीही वस्तू त्याहून जोरात गेलेली नाही. अख्खा महाराष्ट्र, म्हणजे त्याच जनगणनेतली ११.२४ कोटी माणसं, उभा केला तर प्रकाशाच्या वेगाच्या साडेनऊ टक्के.

मग अर्थात प्रकाशाचाच वेग. सेकंदाला ३ लाख किलोमीटरला जरासा कमी, म्हणून ६ सेकंदांत १८ लाख किलोमीटर. एवढी रांग पृथ्वीला ४५ वेढे घालेल. चंद्रापर्यंत दोनदा जाऊन-येऊन तिसऱ्या खेपेला जातानाची निम्म्याहून जास्त वाट संपवेल. त्यासाठी माणसं लागतात ११८ कोटी. २०११ ची भारताची लोकसंख्या होती १२१ कोटी! तान्ह्या पोरांसकट देश उभा राहिला असता तर भाला प्रकाशाबरोबर धावला असता, आणि तीन कोटी माणसं चहापाण्याच्या सोयीला मोकळी राहिली असती.

पळवाटा काही रांगेपुरत्याच नाहीत. २००३ च्या साडेतीनाव्या आवृत्तीत दहा फुटी शिडीची किंमत होती तांब्याची ५ नाणी आणि दहा फुटी दांड्याची चांदीची २, म्हणजे तांब्याची २०. आता शिडी म्हणजे काय? दोन उभे दांडे आणि मध्ये पायऱ्या. शिडी घ्यायची, मोडायची, पायऱ्या चुलीत घालायच्या, दांडे विकायचे. माल विकताना निम्मी किंमत मिळते असं धरलं, तरी ५ चे २० होतात. दर फेरीला चौपट. एक सोन्याचं नाणं घेऊन बाजारात उतरलात तर दहाव्या फेरीअखेर दहा लाखांवर नाणी. नियमांप्रमाणे ५० नाण्यांचं वजन एक पौंड, तेव्हा साडेनऊ टन सोनं. अठराव्या फेरीअखेर सव्वासहा लाख टन. माणसाने आजवर खाणींतून काढलेलं सगळं सोनं दोन लाख टनांहून थोडंच जास्त भरतं. त्या शेवटच्या फेरीत मोडलेल्या शिड्या एकापुढे एक ठेवल्या तर सूर्यापर्यंतचं अंतर सात वेळा भरेल. एवढे दांडे घेणार कोण, हे किंमतपत्रकात लिहिलेलं नाही. इथल्या एखाद्या वखारीत चाळीस दांडे एकदम घेऊन गेलात, तरी वखारवाला आधी तुमच्याकडे बघेल, मग भाव पाडेल.

नियमावर बोट ठेवायला आपल्याला अमेरिकेकडून शिकायची गरज नव्हती म्हणा. घरात नाही, बाहेर नाही, दिवसा नाही, रात्री नाही असा वर मागून घेतलेला हिरण्यकशिपू याच जमातीचा. फरक इतकाच की तिथल्या डंजन मास्टरने वराचा मसुदा त्याच्यापेक्षा बारकाईने वाचला होता.

टिटवाळ्याच्या डंजन मास्टरनेही तेच केलं. बी.कॉम.ला असलेला हा मुलगा इतका वेळ गप्प होता. भाचा सांगत होता, भाला तीन पौंडांचा, टिटवाळ्याच्या वेगाने आदळला तर साडेअठरा किलो टीएनटीएवढा स्फोट. महाराष्ट्राच्या वेगाने आदळला तर हिरोशिमावर पडलेल्या बॉम्बच्या जवळजवळ नऊपट. मुलगा म्हणाला, "मान्य. भाला पोचला. आता नियमाने फेक. भाल्याचा मार सहा पैलूंचा एक फासा."

पुस्तकात भाल्याने होणारी इजा १ ते ६. तो कुठून आला, किती हातांतून आला, याचा तिथे संबंधच नाही. वेग काढताना नियम आणि आदळताना भौतिकशास्त्र, असं दोन्ही वह्यांतलं सोयीचं पान फाडून घेता येत नाही. २०२४ साली निघालेल्या 'डंजन मास्टर्स गाइड'मध्ये तर या रांगेचाच दाखला देऊन बजावलं आहे की नियम खेळ रंगावा म्हणून आहेत, ते जगाचे भौतिक नियम नव्हेत. खेळ निघाल्याला तेव्हा पन्नास वर्षं झाली होती. ही पळवाट बुजवायला अखेर परिच्छेद लिहावा लागला, हा मी त्या रांगेचा विजयच समजतो.

भाच्याने फासा टाकला. दोन पडले. ड्रॅगनला खरचटलं.

आणि दुसरी वही, भौतिकशास्त्राची, प्रामाणिकपणे उघडली तर काय निघतं? टिटवाळ्यात इमारती चढतच असतात. स्लॅबच्या दिवशी घमेल्यांची साखळी कधी उभं राहून बघा. खाली मिक्सर घरघरतोय, बायाबाप्ये एका हाताच्या अंतरावर उभे, भरलेलं घमेलं वर जातंय, रिकामं खाली येतंय. सरावलेल्या हातांना एका माणसाकडून दुसऱ्याकडे द्यायला सेकंदभर लागतो, आणि तो वेग दिवसभर टिकवणं हे कुठल्याही वीराच्या पराक्रमाहून कमी नाही. त्या वेगाने सीएसएमटीपासून ४२,००० हातांतून भाला टिटवाळ्याला पोचेल ११ तास ४० मिनिटांनी.

कसारा लोकल दीडएक तासात पोचवते.