मदर्स डेची वाट बघणारी कोथिंबीर

न्यू जर्सीत एप्रिल लागला की मराठी घरांतून एकच वाक्य ऐकू येतं: "मदर्स डे होऊ दे, मग सगळं बी एकदमच टाकू." मदर्स डे म्हणजे मेचा दुसरा रविवार. आणि जून संपता संपता त्याच घरांतून फोन येतो, "अगं, कोथिंबीर वीतभर होते न होते तोच फुलावर आली. इथली मातीच वाईट!"

माती बिचारी ठीक आहे. चूक आहे ती त्या 'सगळं'मध्ये. तुळस आणि बेसिल उबेची. रात्री पारा १० अंश सेल्सिअसखाली गेला तरी मलूल होतात. त्यांनी खुशाल मेपर्यंत खिडकीत बसावं. पण कोथिंबीर, मेथी, शेपू हलका फ्रॉस्ट सोसतात. शेवटच्या फ्रॉस्टच्या दोन-चार आठवडे आधीच त्यांचं बी बाहेर मातीत पडायला हवं. मध्य न्यू जर्सीत मार्चअखेर ते एप्रिलचा पहिला पंधरवडा. उशिरा पेरलेलं रोप ऐन उन्हाळ्यात सापडतं. उष्मा वाढला, दिवस लांबला की कोथिंबीर पानं सोडून फुलांच्या मागे लागते, आणि तिथला जूनचा दिवस १५ तासांचा; पुण्यातला मोठ्यात मोठा सव्वातेराच्या आसपास. खरं तर हे आपल्याला कुणी शिकवायला नको. थंडीत मंडईत जुड्यांचे ढीग आणि मेमध्ये भाव विचारायची सोय नाही, हे बघतच वाढलो ना आपण?

बरं, 'शेवटच्या फ्रॉस्टची तारीख' म्हणजे हमी नव्हे. अमेरिकेची हवामानसंस्था नोआ १९९१ ते २०२० च्या नोंदींवरून शक्यता मांडते. सर्रास सांगितली जाते ती बहुधा ५० टक्क्यांची तारीख, म्हणजे दर दोन वर्षांतून एकदा त्यानंतरही फ्रॉस्ट! तुळशीसाठी १० टक्क्यांची बघा. शिवाय हवामानकेंद्राचा तापमापक जमिनीपासून दीड-दोन मीटर वर असतो. निरभ्र, वारा पडलेल्या रात्री जमीन त्याहून गार होते. फोनवर ३ अंश दिसत असताना सकाळी गवत पांढरं झालेलं असतं.

आणि बागकामात सांगतात त्या 'हार्डीनेस झोन'च्या आकड्यावरूनही पेरणीची तारीख कळत नाही. तो फक्त हिवाळ्यातली सर्वांत थंड रात्र सरासरी किती थंड, ते सांगतो.

थंडीने बी मरतं? कोरडं बी मरत नाही. गेल्या वर्षी झडलेला शेपू वसंतात आपोआप उगवतो, तो कुठून?

किराणातले धणे उगवतात, फक्त भाजलेले किंवा जुनाट नसावेत. वाटीच्या बुडाने हलके रगडून प्रत्येकाच्या दोन फाका करा. एकेका धण्यात दोन बिया असतात. गार मातीत कोंब यायला दोन-तीन आठवडे लागतात, तेवढ्यात उकरून बघू नका. मुहूर्त चुकलाच, तर ऑगस्टअखेर पुन्हा पेरा.