शाळेचा कारभार आणि पालकाचे मत

गेल्या वर्षी माझ्या आईचे नाव गावच्या प्राथमिक शाळेच्या व्यवस्थापन समितीत आले. माझा धाकटा भाऊ त्या शाळेत शिकतो, म्हणून ती पालक-सदस्य. समितीत नाव आले म्हणजे नेमके काय झाले, हे आम्हां घरच्यांना महिन्याभराने कळले. एक मुलगा वही घेऊन दारात आला आणि म्हणाला, "काकू, गुरुजींनी सही करायला सांगितलीय." आईने सही केली. मी वही पाहिली, तर तीत सभेचे इतिवृत्त लिहिलेले होते. सूचक कोण, अनुमोदक कोण, ठराव सर्वानुमते कसा मंजूर झाला, सारे व्यवस्थित होते. फक्त सभा झालेली नव्हती!

त्याच सुमारास मी तृतीय वर्षाच्या तुलनात्मक शासनाच्या अभ्यासासाठी अमेरिकेतील स्थानिक स्वराज्याचे प्रकरण वाचत होते. तिकडे शाळांच्या कारभारासाठी वेगळी निवडणूक होते आणि साधे आईबाप तिला उभे राहतात, हे मी आईला कौतुकाने सांगितले. भाकरी थापता थापता तिने विचारले, "उभे राहतात ते खरं. पण निवडून आल्यावर त्यांना कुणी विचारतं का?" या प्रश्नाचे उत्तर मला तेव्हा देता आले नाही. ते शोधण्याचा प्रयत्न म्हणजे प्रस्तुत लेख.

प्रथम शब्दांचा घोटाळा दूर करू. आपल्याकडे 'बोर्ड' म्हटले की दहावी-बारावीची परीक्षा डोळ्यांसमोर येते आणि 'पब्लिक स्कूल' म्हटले की भरमसाट फीची शाळा. अमेरिकेत दोन्ही शब्दांचे अर्थ निराळे आहेत. तिथली पब्लिक स्कूल म्हणजे सरकारी खर्चाने चालणारी मोफत शाळा, आणि स्कूल बोर्ड म्हणजे एखाद्या गावच्या किंवा शहराच्या अशा सर्व शाळांचा कारभार पाहणारे मंडळ. त्याला आपण शाळा-मंडळ म्हणू. देशात असे सुमारे १३,००० शाळा-जिल्हे आहेत. काही शहरांत मंडळ महापौर नेमतो आणि हवाई राज्याचा मिळून एकच शाळा-जिल्हा आहे. हे अपवाद सोडले तर बहुतेक ठिकाणी मंडळाचे सभासद स्थानिक मतदार निवडून देतात. मंडळ लहानच असते, बहुधा पाच, सात किंवा नऊ जणांचे.

या प्रथेचे मूळ जुने आहे. मॅसॅच्युसेट्स वसाहतीने १६४७ साली कायदा केला, की पन्नास कुटुंबांच्या गावाने मुलांना लिहावाचायला शिकवणारा शिक्षक नेमलाच पाहिजे. शिक्षक नेमायचा तर त्याचा पगार आला, पगारासाठी कर आला, आणि कर देणारा माणूस पैसा कुठे गेला हे विचारणारच. यातूनच शाळेचा कारभार गावाने पाहायचा ही रीत पडली. १८२६ साली त्याच राज्याने गावोगावी स्वतंत्र शाळा-समिती निवडण्याचा कायदा केला. आजही शाळांच्या खर्चाचा मोठा वाटा स्थानिक करांतून, मुख्यतः घराजमिनीवरील करातून येतो. बाकीचा बराचसा राज्य सरकार देते आणि केंद्राचा वाटा त्या मानाने थोडा असतो. म्हणूनच निवडणूक दिल्लीत किंवा वॉशिंग्टनमध्ये न होता गल्लीत होते.

पालकांच्या हक्काच्या दृष्टीने आणखी एक गोष्ट ध्यानात घेण्याजोगी आहे. अमेरिकेतील सर्व स्त्रियांना संविधानाने मताचा अधिकार मिळाला तो १९२० साली. परंतु केंटकी राज्याने १८३८ सालीच ग्रामीण भागातील काही स्त्रियांना शाळेच्या निवडणुकीपुरते मत दिले होते. कोणत्या स्त्रियांना? ज्या विधवा होत्या आणि ज्यांच्या घरी शाळेच्या वयाची मुले होती त्यांना. हक्क तोकडाच होता, पण जिचे मूल शाळेत जाते तिला शाळेबद्दल बोलता आले पाहिजे, एवढे तरी त्यात मान्य झाले होते.

आता पालक उभा राहतो म्हणजे काय करतो ते पाहू. उमेदवार होण्यासाठी पालकच असावे लागते असे नाही. त्या जिल्ह्याचा रहिवासी मतदार असला की बहुधा पुरते. अनेक ठिकाणी ठरावीक मतदारांच्या सह्या गोळा करून अर्ज भरावा लागतो. बहुतेक राज्यांत मतपत्रिकेवर पक्षाचे नाव नसते. कुणी उभा राहतो तो शाळेची बस बंद झाली म्हणून, कुणी वर्गात मुले फार कोंबली म्हणून, तर कुणी अपंग मुलासाठी वेगळा शिक्षक मिळत नाही म्हणून. संध्याकाळी नोकरीवरून आल्यावर दारोदार फिरायचे, ओळखीच्या आयांना चार घरी पाठवायचे, असा प्रचार. निवडून आल्यावर मिळकत म्हणाल, तर अनेक मंडळांत मानधन नाममात्र असते किंवा मुळीच नसते.

आणि अधिकार? इथे नवख्या सभासदाला पहिला धडा मिळतो. एकट्या सभासदाला काडीचाही अधिकार नसतो. तो वर्गात शिरून शिक्षकाला हुकूम सोडू शकत नाही. अधिकार असतो तो सभेत बसलेल्या मंडळाला. मंडळ धोरण ठरवते, अंदाजपत्रक मंजूर करते आणि सर्व शाळांचा मुख्य अधिकारी नेमते. त्याचे काम समाधानकारक नसेल तर त्याला निरोपही देते. सभा जाहीर असते. विषयपत्रिका आधी प्रसिद्ध करावी लागते आणि बहुतेक सभांत नागरिकांना दोन-तीन मिनिटे बोलण्याची संधी मिळते. स्वतःच्या मुलाच्या तक्रारीने आत आलेल्या माणसाला तिथे शेजाऱ्याच्या मुलाचाही हिशेब मांडावा लागतो. माझ्या मते या निवडणुकीचे खरे शिक्षण हेच.

परंतु हे चित्र सर्वत्र इतके गोंडस नाही. त्यासाठी न्यूयॉर्कची कथा पाहिली पाहिजे. १९६० नंतरच्या दशकात त्या शहरात सुमारे दहा लाख मुले सरकारी शाळांत शिकत होती आणि त्या सर्वांचा कारभार महापौराने नेमलेले एकच मंडळ पाहत होते. काळ्या व पोर्तो रिकन वस्त्यांतील शाळा निकृष्ट होत्या. ३ फेब्रुवारी १९६४ रोजी चार लाखांहून अधिक मुले निषेध म्हणून शाळेत गेली नाहीत. तरी फारसे काही बदलले नाही. तेव्हा पालक म्हणू लागले, आमची मुले गोऱ्या मुलांच्या शेजारी बसवणे तुम्हांला जमत नसेल, तर निदान आमच्या शाळा आमच्या हाती द्या.

१९६७ साली तीन वस्त्यांत तसा प्रयोग झाला. त्यांपैकी ओशन हिल-ब्राउन्सव्हिल येथे पालकांनी आपले प्रतिनिधी निवडले. मे १९६८ मध्ये या स्थानिक मंडळाने एकोणीस शिक्षक व पर्यवेक्षकांना वस्तीतील शाळांतून बाहेर पाठवले. शिक्षक संघटनेने विचारले, चौकशीवाचून माणसाला असे काढता येते काय? त्या शरद ऋतूत शहरातील शिक्षकांनी तीन वेळा संप केला. मिळून छत्तीस दिवस शाळा विस्कळीत झाल्या. वस्ती बहुतांशी काळी आणि संघटनेतील पुष्कळ शिक्षक ज्यू, त्यामुळे भांडणाला वंशद्वेषाचे विषही चढले. पालकांचे म्हणणे खोटे नव्हते आणि नोकरीच्या सुरक्षिततेसाठी झगडणाऱ्या शिक्षकांचेही नव्हते. दोन न्याय्य हक्क समोरासमोर आले आणि मधल्या मध्ये मुले घरी बसली.

१९६९ साली राज्य विधिमंडळाने तोडगा काढला. शहराचे तीसेक जिल्हे करून प्रत्येकाला नऊ जणांचे निवडून आलेले मंडळ दिले. १९७० मध्ये पहिली निवडणूक झाली. या निवडणुकीची दोन वैशिष्ट्ये होती. पहिले, मूल शाळेत असलेल्या पालकाला तो अमेरिकेचा नागरिक नसला तरी मत होते. दुसरे, मतदान पसंतीक्रमाने होई. राज्यशास्त्राच्या विद्यार्थ्यांना ही पद्धत आपल्या राज्यसभेच्या निवडणुकीमुळे परिचित आहे. नऊ जागांसाठी साधारण एक दशांश मते एकवटली की एक जागा मिळते, त्यामुळे लहान समाजालाही वाव राहतो. वॉशिंग्टन हाइट्स भागात डोमिनिकन स्थलांतरितांची मुले गर्दीच्या वर्गांत शिकत होती. तिथल्या कार्यकर्त्यांनी हजारो पालकांची नावे मतदार म्हणून नोंदवली. गिएर्मो लिनारेस हे डोमिनिकन शिक्षक १९८३ साली त्या भागाच्या मंडळावर निवडून आले, आणि १९९१ साली शहराच्या कौन्सिलवरही गेले. देशाचे मत नसलेल्या आईबापांना शाळेच्या मताने सार्वजनिक जीवनाचा दरवाजा उघडून दिला, असे म्हणता येईल.

मात्र दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. मतदान पहिल्यापासूनच कमी होते आणि पुढे ते दहा टक्क्यांच्याही खाली घसरले. जिथे थोडे लोक मत देतात तिथे संघटित गट सहज जिंकतात. काही मंडळांत नोकऱ्या सगेसोयऱ्यांना वाटण्याचे प्रकार घडले. १९९६ साली मंडळांचे नेमणुकीचे बहुतेक अधिकार काढून घेतले गेले. २००२ साली कारभार महापौराकडे गेला आणि मंडळे संपुष्टात आली. त्यांच्या जागी आलेल्या परिषदांत पालकच बहुसंख्य असतात, पण त्यांचे अधिकार मुख्यतः सल्ल्याचे. म्हणजे, पालक निवडून तर येतो, पण त्याला विचारायचे की नाही हे दुसराच ठरवतो!

याउलट शिकागोत निराळे घडले. तिथे १९८८ च्या कायद्याने प्रत्येक शाळेला स्वतःची समिती मिळाली आणि १९८९ साली पहिली निवडणूक झाली. मूळ रचनेत अकरा प्रौढ सदस्यांपैकी सहा पालक होते आणि मुख्याध्यापकाशी चार वर्षांचा करार करायचा की नाही हे समितीने ठरवायचे होते. ज्याच्या नेमणुकीवर आपली सही लागते, तो आपल्याला विचारतोच!

सॅन फ्रान्सिस्को शहराने २०१६ साली ठराव करून नागरिक नसलेल्या पालकांना शाळा-मंडळाच्या निवडणुकीत मत दिले. तिथे नोकरीनिमित्त राहणाऱ्या एखाद्या मराठी आईलाही, तिचे मूल असल्यास, हे मत मिळते. तरी २०१८ च्या पहिल्या निवडणुकीत नावे नोंदवणारे फारच थोडे निघाले. आपले नाव-पत्ता परदेशी लोकांची चौकशी करणाऱ्या खात्याच्या हाती पडेल, ही भीती होती. पुढे प्रकरण न्यायालयात गेले आणि २०२३ साली वरिष्ठ न्यायालयाने हा हक्क कायम ठेवला. याच शहरात कोरोनाच्या काळात शाळा दीर्घकाळ बंद राहिल्या, आणि मंडळ मात्र शाळांची नावे बदलण्याच्या वादात गुंतले, म्हणून दोन पालकांनी मोहीम सुरू केली. फेब्रुवारी २०२२ मध्ये मतदारांनी तीन सभासदांना परत बोलावले. निवडून देणाऱ्यालाच परत बोलावण्याचाही हक्क, हे आपल्याला नवल वाटावे असे आहे.

आता आईच्या प्रश्नाकडे वळू. निवडून आलेल्या पालकाला कुणी विचारते का? उत्तर असे दिसते, की निवडणूक झाली एवढ्याने कुणी विचारत नाही. ज्याच्या हाती पैशाचा हिशेब आहे, ज्याची सभा उघड्यावर होते आणि ज्याच्या मागे मत देणारे लोक जागे आहेत, त्याला विचारावेच लागते. यांतले एक जरी निखळले तरी पालक केवळ सहीपुरता उरतो.

आपल्याकडे निवडणुकीचा गाजावाजा नाही, पण कायदा आहे. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याचे एकविसावे कलम सांगते, की शाळा व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश सदस्य पालक असावेत आणि निम्म्या स्त्रिया असाव्यात. शाळेच्या कामावर देखरेख ठेवणे, विकास आराखडा तयार करणे, अनुदानाच्या वापरावर लक्ष ठेवणे ही समितीची कामे. कागदावर तरी माझ्या आईचे स्थान न्यूयॉर्कच्या पालकापेक्षा कमी नाही. अमेरिकन लोकशाहीचा आणि शिक्षणाचा संबंध सांगणारे जॉन ड्यूई हे डॉ. आंबेडकरांचे कोलंबिया विद्यापीठातील गुरू. तो विचार आपल्यालाही परका नाही.

हे सारे मी आईला वाचून दाखवले. ती काही बोलली नाही. पण पुढच्या महिन्यात वही पुन्हा दारात आली, तेव्हा ती पोराला म्हणाली, "गुरुजींना सांग, मी शाळेत येते, तिथंच वाचून सही करीन." ती गेली. आणखी दोघी तिच्याबरोबर गेल्या. गुरुजी आधी जरा गोंधळले, मग त्यांनी खुर्च्या मागवल्या. पोषण आहाराच्या तांदळाचा आणि पिण्याच्या पाण्याच्या टाकीचा विषय निघाला. टाकी अजून दुरुस्त झालेली नाही. पण त्या महिन्याच्या वहीत जे लिहिले आहे, ते खरोखर घडले आहे.

आपल्यापैकी अनेकांची भावंडे अशाच शाळांत आहेत. सुट्टीत घरी गेल्यावर विद्यार्थी मित्रांनी एवढेच विचारावे: आपल्या शाळेची समितीची वही कुठे असते, आणि ती शेवटची कुणी वाचली?