भाज्याचे चौदा स्तूप
(इयत्ता ७ वी)

स्मशान म्हटले की आपण भितो. पण डोंगराच्या कड्यात कोरलेले, सुमारे २००० वर्षांपूर्वीचे एक स्मशान मी दिवाळीच्या सुट्टीत पाहिले. तिथं मला भीती मुळीच वाटली नाही. उलट मी तिथं लपंडाव खेळलो!

माझे मामा पुण्याला असतात. पुण्याहून लोणावळ्याच्या लोकलने मळवली स्टेशनला उतरायचे. तेथून भाजे गाव अर्ध्या तासाच्या चालीवर आहे. मामांच्या ओळखीचे एक आजोबा त्याच गावचे. ते आमच्या पुढे चालत होते. पायऱ्यांचा चढ आहे, पण टोकाईचा गड चढणाऱ्या आपल्या पोरांना त्याचं काही वाटणार नाही. (मोठ्यांना तिकीट आहे, पंधरा वर्षांखालच्यांना नाही.)

भाजे येथे एकूण २२ लेणी आहेत. मोठ्या चैत्यगृहाच्या छताला लाकडी कमानी आहेत, त्या अजून टिकून आहेत. आमचं माळवद तर दर पावसाळ्यात गळतं!

चैत्याच्या पुढे कड्याकडेने गेले की चौदा स्तूप दिसतात. पाच आत, नऊ बाहेर. मी पळत जाऊन एका स्तूपामागं लपलो. आजोबा रागावले नाहीत. हळूच म्हणाले, "बाळा, इकडं ये. ती माणसं हायेत."

मला वाटलं, आजोबा थट्टा करतात. मग त्यांनी समजावून सांगितले. पूर्वी या लेण्यांत बौद्ध भिक्खू राहत. त्यांच्यापैकी कोणी आदरणीय वृद्ध भिक्खू वारले की त्यांच्या स्मरणार्थ स्तूप करीत. खाली गोल ओटा, त्यावर पालथ्या टोपलीसारखा घुमट आणि काहींच्या घुमटावर चौकोनी हर्मिका. काहींच्या माथ्यावर अस्थी ठेवण्यासाठी खाच कोरलेली आहे. हे दगड बाहेरून आणून बसवलेले नाहीत. भोवतालचा खडक फोडून काढला आणि स्तूप तेवढे जागेवर ठेवले. दगड म्हणाल तर काळा, आपल्याकडं विहीर खणताना लागतो तोच. आपण त्याला सुरुंग लावतो, त्यांनी छिन्नी-हातोड्यानं केलं.

काही स्तूपांवर ब्राह्मी लिपीत नावे आहेत. अंपिनिक, धम्मगिरी, संघदिन. नावाआधी 'थेर' हा मानाचा शब्द आहे. त्याचा अर्थ वृद्ध, वडीलधारे भिक्खू. आपण चिडून म्हाताऱ्या माणसाला 'थेरडा' म्हणतो ना, तो शब्द त्याच 'थेर'पासून आला, असे गुरुजींनी मला शाळेत आल्यावर सांगितले. सगळा वर्ग हसला. मला हसू आलं नाही. कारण शेळी सुटली म्हणून आजोबा ओरडले, तेव्हा मी त्यांना तसं म्हणालो होतो. त्यांनी ऐकलं होतं, पण काही बोलले नाहीत. मागच्या वर्षी ते वारले. त्यांच्या अस्थी नांदेडला गोदावरीत सोडल्या. त्यांच्या नावाचा दगड कुठं नाही. वावरात त्यांनी लावलेला लिंब आहे, त्याखाली आम्ही भाकरी खातो.

भाज्याला निघताना मी ज्या स्तूपामागं लपलो होतो, तिथं परत गेलो. त्यावर नाव शोधलं. दिसलं नाही. मग चप्पल काढून नमस्कार केला आणि पळत मामांना गाठलं.